विमानातून उतरलेली सायकल पहिल्याच किलोमीटरमध्ये का कुरकुरते?

विमानाने सायकल नेणाऱ्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते. घरी लोण्यासारखी चालणारी सायकल विमानतळावर जोडून बाहेर काढली की गिअर आपोआप उडू लागतात, ब्रेक घासू लागतो, हँडलमधून टकटक आवाज येतो, आणि हे सगळे निस्तरावे तोवर समोरचा रस्ताच सायकलींना बंदी असलेल्या महामार्गाला जाऊन मिळतो. पुढच्या प्रवासात पुन्हा तेच घडते. दोष सामान हाताळणाऱ्यांवर टाकून मोकळे होणे सोपे असते, आणि कधी कधी ते खरेही असते. पण लक्षणे नीट वाचली तर बहुतेक बिघाडांचे मूळ खोका भरतानाच्या आपल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडते. पुढे दिलेला तपासणीचा क्रम मुद्दाम तसा आहे. तो उलटसुलट केला, तर ज्याला हात लावायची गरज नव्हती असा स्क्रू फिरवला जातो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

सायकल जोडायला घेण्याआधी, सामानाच्या दालनातून बाहेर पडण्याच्याही आधी, खोका चारही बाजूंनी पाहावा. कोपरा दबलेला असेल, पुठ्ठा फाटला असेल किंवा आत काही सुटे वाजत असेल, तर खोक्याची छायाचित्रे काढावीत, तिथेच उघडून पाहावे आणि नुकसान दिसल्यास विमान कंपनीच्या सामान-कक्षात लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत करावी लागते. तरीही दालनाबाहेर पडल्यावर ‘हे विमानातच झाले’ हे पटवून देणे अवघड जाते. त्यामुळे सात दिवसांच्या भरवशावर न राहिलेले बरे.

गिअर उडतात, किंवा चेन मधल्या चकत्यांवर थांबत नाही

सर्वाधिक त्रास देणारा बिघाड हा आहे, आणि सर्वाधिक चुकीची दुरुस्तीही याचीच होते. गिअर नीट पडत नाहीत म्हटल्यावर हात थेट डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रूकडे जातो. पण वरच्या आणि खालच्या मर्यादा ठरवणारे ते दोन छोटे स्क्रू विमानात आपोआप फिरत नाहीत. घरी ते बरोबर होते तर इथेही बरोबरच आहेत. बदललेले काही असेल तर ते दुसरीकडे आहे, आणि ते पुढील क्रमाने शोधावे.

पहिली शंका मागच्या चाकावर घ्यावी. सायकल आडवी किंवा उलटी असताना चाक बसवले की एक्सल (चाकाचा आस) फ्रेमच्या खाचेत एका बाजूला किंचित वर राहतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, तिरपी होते. सायकल जमिनीवर सरळ उभी करावी, एक्सल सैल करावा, सीटवर हाताने थोडा भार द्यावा आणि मग आवळावा. निम्म्या वेळा गिअरचा आणि ब्रेक घासण्याचा असे दोन्ही प्रश्न एवढ्यानेच सुटतात.

दुसरी शंका केबलच्या बाहेरच्या नळीवर. खोक्यात मावावे म्हणून हँडल वळवले किंवा काढून फ्रेमला बांधले की गिअरची केबल ओढली जाते आणि नळीचे टोक फ्रेमवरच्या आपल्या टोपीतून अर्धवट बाहेर येऊन अडकते. केबल बोटाने चाचपत शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत जावे. टोक टोपीत नीट बसलेले नसेल तर तिथे बोटाला पायरी लागते. ते आत ढकलले की केबलचा ताण पूर्ववत होतो. या बिघाडाची खूण अशी की सगळेच गिअर एकाच दिशेने चुकतात, म्हणजे प्रत्येक वेळी चेन लहान चकतीकडे जायला सारखीच कुचराई करते.

हे दोन्ही ठीक असूनही मधल्या गिअरांत खरखर राहत असेल आणि टोकाच्या लहान चकत्यांवर मात्र सगळे सुरळीत असेल, तर हँगर वाकला आहे असे समजावे. मागचा डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या तुकड्याने जोडलेला असतो तो हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, कारण धक्का बसल्यावर फ्रेम वाचावी आणि हा स्वस्तातला तुकडा वाकावा. खोका उजव्या कुशीवर आपटला की पहिला मार यालाच बसतो. अकरा चकत्यांच्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चकत्यांमधले अंतर चार मिलिमीटरपेक्षाही कमी असते, आणि डिरेलरच्या ज्या दोन फिरक्यांवरून चेन जाते त्यांतली खालची फिरकी हँगरपासून बरीच खाली लोंबत असल्यामुळे हँगर किंचित तिरका झाला तरी तिथे तो फरक वाढून दिसतो. सायकलच्या मागे उकिडवे बसून पाहावे: दोन्ही फिरक्यांमधून जाणारी रेषा वरच्या चकतीच्या रेषेत उभी दिसली पाहिजे. खालची फिरकी आत, स्पोककडे झुकलेली दिसली तर निदान पक्के.

यावर खरा उपाय म्हणजे दुकानातले हँगर सरळ करण्याचे अवजार किंवा नवा हँगर. रस्त्यावर करायचेच झाले तर डिरेलरचा बोल्ट हँगरमध्ये पूर्ण आवळलेला आहे याची खात्री करावी, म्हणजे आटे खराब होणार नाहीत. मग त्याच बोल्टमध्ये लांब दांड्याची अॅलन की घालून, दुसऱ्या हाताने फ्रेम धरून, हँगर हळूहळू बाहेरच्या बाजूला ओढावा. एकाच दिशेने आणि शक्यतो एकदाच, कारण पुढे-मागे वाकवले की अॅल्युमिनियमला चीर जाते. त्यानंतरही दुकान गाठेपर्यंत सर्वांत मोठी चकती वापरू नये. डिरेलर स्पोकमध्ये शिरला तर हँगर, डिरेलर आणि चाक तिन्ही जातात. हँगरचे नमुने फ्रेमगणिक वेगळे असतात आणि २०१९ पासून अनेक फ्रेमवर येऊ लागलेला सामाईक नमुना सर्वांकडे नसतो, म्हणून आपल्या फ्रेमचा एक सुटा हँगर जवळ ठेवावा. वजन नगण्य, पण नसला की सहलीचे दोन दिवस दुकाने धुंडाळण्यात जातात.

हँगर वाकूच नये यासाठीची युक्ती अगदी साधी आहे: पॅकिंग करताना डिरेलर हँगरवरून सोडवावा, चेनसकट फडक्यात गुंडाळावा आणि मागच्या दोन नळ्यांच्या मधल्या जागेत बांधून टाकावा. केबल काढायची गरज नाही. सायकल विमानाने नेताना करायच्या एकाच गोष्टीचा आग्रह धरायचा झाला, तर मी याचाच धरीन.

ब्रेक घासतो, किंवा लिव्हर हँडलला टेकते

डिस्क ब्रेक घासत असेल तर आधी आवाज ऐकावा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच ‘स्स’ असा आवाज येऊन थांबत असेल तर डिस्कला आऊट आलेला आहे, म्हणजे ती कुठेतरी वाकली आहे. आवाज सलग येत असेल तर डिस्क सरळ असून चाक किंवा कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा चिमटा) तिरका बसला आहे. दुसऱ्या प्रकारात चाक वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा बसवावे. तरी घासले तर कॅलिपरचे दोन बोल्ट अर्धा-अर्धा पिळा सैल करावेत, ब्रेकची लिव्हर दाबून धरावी आणि त्याच स्थितीत बोल्ट आळीपाळीने आवळावेत. पहिल्या प्रकारात स्वच्छ फडक्याने धरून डिस्क थोडी थोडी वाकवता येते, पण त्यासाठी सराव लागतो. सोपा मार्ग म्हणजे पॅकिंगच्या वेळी डिस्क चाकावरून काढून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत ठेवणे. सहा बोल्टवाल्या डिस्कला बहुधा टी-२५ आकाराची चावी पुरते. मधोमध एकाच रिंगने आवळलेल्या डिस्कला मात्र जड अवजार लागते. ते बरोबर नसेल तर डिस्क चाकावरच राहू द्यावी आणि तिच्या बाजूला जाड पुठ्ठा लावावा.

चाक काढलेले असताना कोणीतरी लिव्हर दाबली, आणि खोक्यात हँडल दबले की ती आपोआपही दाबली जाते, तर हायड्रॉलिक ब्रेकचे पिस्टन बाहेर सरकून पॅड एकमेकांना चिकटतात. मग डिस्क आत जातच नाही. टायर काढायची चपटी प्लॅस्टिकची पट्टी पॅडमध्ये सारून पिस्टन हळूहळू मागे ढकलावेत. स्क्रूड्रायव्हर वापरू नये, पॅडचा पृष्ठभाग खरवडला जातो. प्रवासात पॅडमध्ये प्लॅस्टिकचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून ठेवला की हा प्रश्नच येत नाही.

लिव्हर मऊ लागणे हा याहून वेगळा प्रकार. सायकल तासन्तास उलटी किंवा आडवी राहिली की लिव्हरजवळच्या तेलाच्या कप्प्यातली थोडी हवा नळीत शिरते. सायकल सरळ उभी ठेवून लिव्हर दहा-वीस वेळा दाबावी, आणि मुक्कामी पोहोचल्यावर रात्रभर ती रबराने हँडलला बांधून ठेवावी. बुडबुडे बहुधा वर चढतात. सकाळीही लिव्हर मऊच असेल तर नळीतली हवा काढून घेतल्याशिवाय उतारावर जाऊ नये, मग बेत कितीही बिघडला तरी चालेल. रिमवरच्या ब्रेकचा प्रश्न यामानाने किरकोळ असतो: चाक काढताना उघडलेली ब्रेकची कडी परत लावायची राहून जाते, एवढेच. पण तेवढ्याने पहिल्याच वळणावर तोंडघशी पडायची वेळ येते.

हँडलमधली टकटक आणि पेडलची करकर

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी आणि दुसऱ्या हाताची बोटे फ्रेम व फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) सांध्यावर ठेवावीत. तिथे हालचाल जाणवली तर आवळण्याचा क्रम चुकला आहे. सध्याच्या बहुतेक सायकलींत हँडलच्या दांड्यावरच्या टोपीचा बोल्ट काहीही ‘पकडत’ नाही. तो फक्त बेअरिंगमधला ढिलेपणा घालवतो. पकडण्याचे काम दांड्याच्या बाजूच्या बोल्टचे. म्हणून बाजूचे बोल्ट सैल असताना आधी वरचा बोल्ट हलकेच आवळावा, टकटक गेली आणि हँडल मोकळे फिरते याची खात्री करावी, आणि मगच बाजूचे बोल्ट घट्ट करावेत. आधी बाजूचे आणि मग वरचा असा उलटा क्रम झाला तर कितीही जोर लावला तरी टकटक जात नाही, आणि टोपीचे आटे मात्र जातात. मुळात दांडा फोर्कवरून काढायचाच नाही आणि समोरची पट्टी उघडून फक्त हँडल सोडवायचे, असे केले तर हा सांधा उघडतच नाही. ती पट्टी बसवताना वरखाली सारखी फट ठेवून बोल्ट आलटून पालटून आवळावेत. किती न्यूटन मीटर जोर लावायचा ते अनेकदा तिथेच कोरलेले असते आणि ते सहसा पाचच्या आसपास असते. कार्बनच्या भागांना हाताच्या अंदाजाने आवळणे मला धाडसाचे वाटते.

पेडलबाबत लक्षात ठेवायचे ते थोडके: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दोन्ही पेडलांसाठी नियम एकच. पाना वर उभा धरून सायकलच्या पुढच्या दिशेला ढकलला की पेडल आवळते, मागच्या दिशेला ढकलला की सुटते. पहिले तीन-चार पिळे बोटांनीच द्यावेत. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरपे लागले आहेत, आणि पान्याने जोर केल्यास पेडलचा पोलादी दांडा क्रँकचे (पेडल ज्यात बसते त्या दांडीचे) मऊ अॅल्युमिनियम कापून टाकतो.

टायरमधली हवा

‘विमानात टायर फुटतात’ ही समजूत बिघाड टाळण्याऐवजी तो घडवून आणते. सामानाचा कप्पा प्रवाशांच्या कप्प्यासारखाच दाबाखाली ठेवलेला असतो आणि तिथला दाब फार तर सुमारे ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका कमी होतो. हा फरक साधारण ४ पीएसआयहून (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी भरतो. म्हणजे ८० पीएसआय भरलेला टायर वर गेल्यावर जेमतेम ८४ पीएसआयसारखा वागतो. फुटण्याचे काही कारण नाही. तरीही अनेक विमान कंपन्यांचा नियम हवा कमी करण्याचा आहे आणि काउंटरवर भौतिकशास्त्र समजावत बसण्यात अर्थ नसतो, म्हणून हवा कमी करावी, पण पूर्ण काढू नये. पूर्ण सपाट टायरमुळे रिमला थेट मार बसतो, आणि ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरची कड रिमवरून सुटून आतला द्रव खोकाभर सांडतो. सुटलेली कड छोट्या हातपंपाने परत बसवणे जवळपास अशक्य असते.

हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्यांवर पहिल्या मुक्कामासाठी विसंबू नये. अनेक ठिकाणी सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जातात. हातपंप बरा.

बॅटरीचे नियम मात्र स्पष्ट आहेत. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या सर्वसाधारणपणे चालतात, १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढच्या प्रवासी विमानात नेता येत नाहीत. विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या बॅटऱ्या सहसा ३०० वॉट-तासांहून मोठ्या असल्याने तशी सायकल विमानाने नेण्याचा बेत इथेच संपतो. इलेक्ट्रॉनिक गिअरची छोटी बॅटरी काढता येत असेल तर काढून हातसामानात घ्यावी, नाहीतर खोक्यातल्या हादऱ्यांनी यंत्रणा चालूच राहते, बॅटरी संपते आणि उतरल्यावर गिअर मुके होतात. दिव्यांचेही तेच: खोक्यात बटण दबून दिवा रात्रभर जळतो आणि अंधारात उतरल्यावर कळते.

सायकल ठीक आहे, पण रस्ता नाही

हा दुसरा आवर्ती बिघाड, आणि याचे कारण विमानतळांच्या रचनेत आहे. तीन-चार किलोमीटर लांब धावपट्ट्या जुने रस्ते तोडून टाकतात, टर्मिनल बहुधा त्यांच्या मधोमध असते आणि तिथे जाणारा मुख्य मार्ग मोटारींसाठी बांधलेला असतो. लंडनच्या हीथ्रोवरची टर्मिनल दोन आणि तीन दोन समांतर धावपट्ट्यांच्या मध्ये आहेत. तिथे रस्त्याने जायचे तर बोगद्यातून, आणि मुख्य बोगद्यात सायकलींना मनाई. नकाशावर चार बोटांवर दिसणारे गाव म्हणूनच हाती लागत नाही.

रस्ता शोधताना प्रवाशांचा मार्ग सोडून कामगारांचा मार्ग पाहावा. विमानतळावर हजारो लोक रोज कामाला येतात आणि ते सगळे मोटारीने येत नाहीत. मालवाहतुकीचे फाटक, विमान-दुरुस्तीचे कारखाने, बस आगार यांच्याकडे जाणारे सेवारस्ते आणि कुंपणालगतचा रस्ता हे बहुधा सायकलींना खुले असतात. नकाशात सायकल हा पर्याय निवडून मार्ग काढावाच, पण त्यानंतर टर्मिनलच्या दारापासूनचा पहिला किलोमीटर उपग्रह-चित्रावर मोठा करून डोळ्यांनी तपासावा, आणि येतानाचा व जातानाचा असे दोन्ही स्वतंत्रपणे तपासावेत, कारण आगमनाची आणि प्रस्थानाची पातळी वेगळी असते आणि दोन्हीकडचे रस्ते एकेरी असतात. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा.

सगळीकडे चित्र इतके उदास नाही. अॅमस्टरडॅमच्या स्किपोलला सायकलमार्गाने जाता येते. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या विमानतळावर सायकल जोडण्यासाठी अवजारांसह जागा ठेवलेली आहे. सिंगापूरच्या चांगी विमानतळापासून समुद्रकाठच्या उद्यानापर्यंत २०२० मध्ये साडेतीन किलोमीटरचा चालण्या-सायकलीचा मार्ग सुरू झाला. अशा ठिकाणी उतरत असाल तर खोका दालनातच उघडावा. इतरत्र, बाहेरचा रस्ता खात्रीचा नसेल तर सायकल बंद खोक्यातच ठेवून रेल्वेने किंवा बसने एक-दोन थांबे पुढे जावे आणि तिथे जोडावी. यात कमीपणा नाही. रात्री उशिरा उतरणाऱ्यांनी तर जोडणीचा मोह आवरावाच. थकलेल्या हातांनी अपुऱ्या उजेडात आवळलेले बोल्ट सकाळी पुन्हा तपासावेच लागतात. वाहतुकीची बाजू आपल्या सवयीच्या उलट असेल तर पहिल्या चौकापूर्वीच स्वतःला तसे बजावावे.

पुढच्या वेळी खोका भरताना

अवजारे दुसऱ्या बॅगेत ठेवू नयेत. ती सायकलच्या खोक्यातच असावीत, म्हणजे खोका आला की अवजारे आलीच. एक्सल, बोल्ट, रिंगा यांची कापडी पिशवी करून ती फ्रेमला बांधावी. सुरक्षा कर्मचारी खोका उघडतात आणि सुटे भाग खोका धरायच्या भोकांतून बाहेर पडतात. ती भोके आतून चिकटपट्टीने कमी करावीत. चाक काढलेल्या फोर्कच्या दोन टोकांत सायकल दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा टेकू अडकवावा, नाहीतर वरून पडणाऱ्या वजनाने टोके आत दबतात. सीटच्या दांड्यावर उंचीची खूण म्हणून चिकटपट्टीचा वेढा द्यावा. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर टायर आणि पेडल मातीचा कण न राहील इतके धुवावेत आणि सायकल असल्याचे जाहीर करावे. तिथले तपासनीस टायरच्या खाचा खरोखर पाहतात. वजनाची मर्यादा अनेक कंपन्यांत २३ किलोची असते आणि ३२ किलोपुढचा एकच नग सहसा स्वीकारला जात नाही. म्हणून रिकाम्या जागेत कपडे कोंबताना हात आखडता घ्यावा.

परतीचा खोका हा प्रश्न येतानाच सोडवावा लागतो. पहिली आणि शेवटची रात्र एकाच ठिकाणी काढता आली तर खोका तिथेच ठेवून देण्याची परवानगी मागावी. ते शक्य नसेल तर परतीच्या गावातल्या सायकल दुकानाला आठवडाभर आधी सांगून ठेवावे. नव्या सायकलींचे रिकामे खोके त्यांच्याकडे असतात, पण ते रद्दीत जायचा दिवस ठरलेला असतो. शेवटच्या दुकानात पोहोचलात की पेडल लांब पान्याने एकदा सोडवून, आट्यांना ग्रीस लावून, पुन्हा हलकेच बसवून घ्यावीत. शेकडो किलोमीटर चालवल्यावर ती इतकी घट्ट बसतात, की काउंटरसमोर खिशातल्या छोट्या चावीने ती हलत नाहीत.